दहा सेंटच्या नाण्यांचं घर आणि तिथले लिहिण्याचे वर्ग



आज आम्ही तुम्हाला एका घराचा इतिहास सांगणार आहोत. हे घर अमेरिकेत, शिकागो शहरात आहे. पत्ता आहे ३८३१ साउथ मिशिगन अव्हेन्यू. तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीने नाणं नाणं गोळा करून ते घेतलं. त्यात चित्रं लागली, चित्रकलेचे वर्ग भरले आणि लिहिण्याचेही वर्ग भरले. आज आम्हाला त्या लिहिण्याच्या वर्गांविषयी जास्त सांगायचं आहे.

चित्र काढणारे हात आपले, गाणं म्हणणारा गळा आपला, पण त्याला चांगलं-वाईट म्हणणारे शब्द मात्र दुसऱ्यांचे, अशी त्या वस्तीची जुनी तक्रार होती. ही माणसं तक्रार करून थांबली नाहीत. एकत्र बसून लिहायला शिकली, एकमेकांचं तपासायला शिकली आणि आपल्या कलेविषयी आपण बोलायला लागली. ते कोणी केलं आणि त्याला किती वर्षं लागली, ते आज पाहू.

आधी एका शब्दाविषयी. आफ्रिकेतून गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या माणसांचे हे वंशज. १९६० नंतरच्या काळात त्यांनी स्वतःला ‘ब्लॅक’, म्हणजे काळे, असं ताठ मानेने म्हणवून घ्यायला सुरुवात केली. जो रंग हिणवण्यासाठी वापरला जायचा, त्याचंच त्यांनी अभिमानाचं नाव केलं. आपण मराठीत कृष्णवर्णीय म्हणतो, तोच शब्द आम्ही इथे वापरतो.

गाव सोडून आलेली माणसं

अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६५ साली. त्या घटनेकडे आपल्याकडे महात्मा जोतीराव फुल्यांचं बारीक लक्ष होतं. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढलं, तेव्हा ते त्यांनी अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली. त्यामुळे हा इतिहास आपल्याला अगदीच परका नाही.

पण कायद्याने मोकळं झाल्यावर पोटाचं काय? अमेरिकेच्या दक्षिण भागात ही माणसं मालकाच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवत राहिली. बी-बियाणं मालकाकडून उधार, किराणा मालकाच्या दुकानातून उधार. हंगाम संपला की हिशोब मालकाच्या वहीत, आणि त्या हिशोबात देणं काही फिटायचं नाही. रेल्वेचा डबा वेगळा, शाळा वेगळी, पाण्याचा नळसुद्धा वेगळा. हे ऐकताना तुम्हाला आपल्या आजी-पणजीच्या गोष्टी आठवल्या असतील.

पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला ही माणसं रेल्वेने उत्तरेकडच्या शहरांत निघाली. कारखान्यांना कामगार हवे होते. शिकागोत १९१० साली कृष्णवर्णीयांची संख्या होती सुमारे ४४ हजार. १९४० साली ती पावणेतीन लाखांवर गेली. पुरुष कत्तलखान्यांत आणि पोलाद कारखान्यांत लागले. बायका बहुतेक करून गोऱ्यांच्या घरी धुणंभांडी, स्वयंपाक आणि मुलं सांभाळायला जाऊ लागल्या.

शहरात डबा वेगळा नव्हता, पण वस्ती वेगळी होती. घरमालक आपसात करार करायचे की हे घर कृष्णवर्णीयांना विकायचं नाही आणि भाड्यानेही द्यायचं नाही. त्यामुळे सगळी गर्दी शहराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात दाटली. लोक त्या वस्तीला ब्रॉन्झव्हिल म्हणू लागले. मालकांनी मोठ्या घरांचे तुकडे करून एकेका खोलीची बिऱ्हाडं पाडली. तिला म्हणायचे किचनेट. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत झोपणं आणि न्हाणीघर मजल्यावरच्या अनेक कुटुंबांत मिळून एक. मुंबईच्या चाळीत राहून आलेल्या आपल्या मैत्रिणींना ते चटकन कळेल.

या वस्तीत चित्रकार होते, शिल्पकार होते, गाणारे आणि लिहिणारे होते. काहींना शहरातल्या मोठ्या कलाशाळेत प्रवेशही मिळाला होता. पण शिकून झाल्यावर चित्र लावायचं कुठे? शहरातल्या चित्रदालनांत त्यांना जागा क्वचितच मिळे. आणि वस्तीतल्या मुलांना आपल्यासारख्या चेहऱ्याची माणसं चित्रात पाहायला मिळत नव्हती.

नाण्यांची रांग

१९२९ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले. सरकारने १९३५ साली लोकांना काम देण्याची योजना काढली. आपल्या रोजगार हमीसारखीच समजा, फक्त त्यात रस्ते आणि पुलांच्या जोडीला कलावंतांनाही काम होतं. चित्रकाराने चित्र काढायचं, मुलांना शिकवायचं आणि सरकारने पगार द्यायचा. त्याच योजनेतून गावोगावी कलाकेंद्रं निघाली.

ब्रॉन्झव्हिलच्या लोकांनाही असं केंद्र हवं होतं. योजनेची अट अशी होती की शिक्षकांचा पगार आणि डागडुजी सरकार करील, पण जागा लोकांनी उभी करायची. मग १९३८ पासून बैठका सुरू झाल्या. या बैठकांत शिक्षिका होत्या, क्लबातल्या बायका होत्या, धंदेवाले होते आणि तरुण चित्रकार होते. १९३९ साली त्यांनी वेष धारण करून नाचायचा मोठा जलसा भरवला आणि तिकिटांतून पैसे उभे केले. पुढे तो जलसा दरवर्षीचा झाला.

दुसरी युक्ती आपल्याला जास्त जवळची आहे. त्यांनी मोहीम काढली, ‘मैलभर डाइम’. डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं, डॉलरचा दहावा हिस्सा. अमेरिकेतल्या चालू नाण्यांत ते सगळ्यात लहान. रुंदी १८ मिलिमीटरला जेमतेम. अशी नाणी एकाला एक लावून मैलभर रांग करायची, अशी कल्पना. आम्ही हिशोब करून पाहिला. मैल भरायला सुमारे ९० हजार नाणी लागतात, म्हणजे ९ हजार डॉलर. एकदम ९ हजार डॉलर मागितले असते तर वस्तीत कोणी दार उघडलं नसतं. पण एक डाइम कोणीही देऊ शकत होतं. आपण गटात महिन्याची ठरलेली बचत टाकतो, ते याच हिशोबाने.

डबा घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्यांत एक तरुण मुलगी होती. तिचं नाव मार्गारेट. जन्म दक्षिणेतल्या लुइझियाना राज्यातला, घरचे लोक शिकागोत आले म्हणून तीही आली. शिक्षिका व्हायचं तिने ठरवलं होतं आणि चित्रंही काढत होती. पुढे मार्गारेट बरोज या नावाने ती सगळ्यांना माहीत झाली.

पैसे जमले. १८९० नंतरच्या काळात एका धान्याच्या व्यापाऱ्यासाठी बांधलेला जुना वाडा त्यांनी घेतला. सरकारी योजनेतून आतली दुरुस्ती झाली. डिसेंबर १९४० मध्ये ‘साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर’ सुरू झालं आणि मे १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रुझवेल्ट उद्घाटनाला आल्या.

पुढची गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अमेरिका युद्धात उतरली आणि १९४३ साली ती रोजगार योजना बंद पडली. सरकारी पगार थांबले. देशातली अनेक कलाकेंद्रं त्याबरोबर बंद झाली. हे केंद्र तगलं, कारण घर वस्तीच्या मालकीचं होतं. ते आजही त्याच घरात चालू आहे.

कवितेचा वर्ग

या केंद्रात १९४१ साली कवितेचा वर्ग सुरू झाला. शिकवायला आल्या इनेझ कनिंगहॅम स्टार्क. त्या गोऱ्या, श्रीमंत आणि शहराच्या उच्चभ्रू भागात राहणाऱ्या. दक्षिणेकडच्या वस्तीत जाऊ नका, जीवाला धोका आहे, अशी भीती त्यांना त्यांच्याच माणसांनी घातली होती. तरी त्या आल्या. येताना आपल्या कपाटातली नव्या कवींची पुस्तकं घेऊन आल्या.

वर्गात येणाऱ्यांत एक चोवीस वर्षांची बाई होती, ग्वेंडोलिन ब्रूक्स. वडील झाडलोट आणि इमारतीची देखभाल करायचे. आई लग्नाआधी शिक्षिका होती. ग्वेंडोलिनचं लग्न १९३९ साली झालं, १९४० साली मुलगा झाला. संसार किचनेटमध्ये. नवरा हेन्री ब्लेकली हाही कविता करायचा, तोही वर्गाला यायचा. नवरा-बायको एकाच वर्गात बसून एकमेकांच्या कवितांवर बोलतात, हे चित्र आम्हाला फार आवडलं. मार्गारेटही त्याच वर्गात होती.

वर्ग कसा चालायचा? कोणी आपली कविता वाचायची. मग सगळ्यांनी बोलायचं. कुठला शब्द घासून गुळगुळीत झालेला आहे, कुठली ओळ उगीच आहे, कुठे खरं सांगायचं सोडून शोभेचं सांगितलं आहे. ग्वेंडोलिन यांनी पुढे आपल्या आठवणींत या वर्गाविषयी लिहिलं. नुसती पाठ थोपटून घेण्याची ती जागा नव्हती. तिथली माणसं एकमेकांना तोंडावर स्पष्ट सांगायची आणि तरी पुढच्या वेळी परत यायची.

त्या वर्गातून ग्वेंडोलिन यांच्या हाती काय आलं? आपल्या खिडकीतून जे दिसतं, तेच लिहिण्याचा धीर आला. राजवाडे, फुलं आणि चंद्र सोडून त्यांनी किचनेटमधला स्वयंपाकाचा वास लिहिला, मजल्यावरच्या एकाच न्हाणीघरासाठी थांबलेली माणसं लिहिली, केस विंचरून घेणाऱ्या बाया लिहिल्या. १९४३ साली त्यांना पहिलं मोठं बक्षीस मिळालं. १९४५ साली ब्रॉन्झव्हिलच्या एका रस्त्यावरच्या माणसांचं त्यांचं पहिलं पुस्तक आलं. १९५० साली त्यांना पुलित्झर पुरस्कार मिळाला. हा अमेरिकेतला फार मोठा पुरस्कार, आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्याच कृष्णवर्णीय व्यक्ती. पुरस्काराची बातमी आली तेव्हा बिल थकल्यामुळे घरातली वीज तोडलेली होती, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. पुरस्कार मिळणं आणि वीजबिल थकणं एकाच घरात एकाच दिवशी होऊ शकतं, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

तक्रार अजून तिथेच होती

पुरस्कार मिळाला म्हणून शब्दांचा प्रश्न सुटला नाही. १९६३ साली ग्वेंडोलिन यांच्या निवडक कवितांचं पुस्तक आलं. एका नामांकित गोऱ्या कवीने त्याच्यावर वर्तमानपत्रात लिहिलं. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा की, कृष्णवर्णीय असणं हाच एक विषय असेल तर ते लिखाण काही महत्त्वाचं नाही. म्हणजे गोऱ्या माणसाने आपल्या गल्लीचं लिहिलं तर ते सगळ्या माणसांचं, आणि कृष्णवर्णीय बाईने आपल्या गल्लीचं लिहिलं तर ते फक्त तिच्या जातीपुरतं. मैत्रिणींनो, मोजण्याचं माप ज्याच्या हातात असतं, तो असा तोल फिरवू शकतो.

याच वर्षांत मार्गारेट बरोज आपल्या परीने काम करत होत्या. त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. आपल्या मुलांना आपल्या पूर्वजांचं काही माहीत नाही, हे त्यांना रोज वर्गात दिसायचं. १९६१ साली त्यांनी नवऱ्याच्या मदतीने आपल्या राहत्या घरातच संग्रहालय सुरू केलं. हे घर कलाकेंद्राच्या जवळच, त्याच रस्त्यावर. पुढे त्या संग्रहालयाला मोठी इमारत मिळाली आणि ते आज शिकागोत डुसेबल संग्रहालय म्हणून ओळखलं जातं. त्यांनी लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून ठसे काढायची कलाही धरली. एका ठशातून कितीतरी चित्रं निघतात, त्यामुळे साधा माणूसही एक विकत घेऊन भिंतीला लावू शकतो. कला घराघरांत गेली तरच तिच्याविषयी घराघरांत बोललं जाईल, हे त्या बाईला पक्कं ठाऊक होतं.

एकाच महिन्यात दोन उद्घाटनं

१९६७ साली शिकागोत एक नवी संघटना निघाली. तिच्या नावाचं लघुरूप होतं ओबासी. तिने वेगवेगळ्या कार्यशाळा सुरू केल्या. एक चित्रकारांची आणि एक लिहिणाऱ्यांची.

चित्रकारांच्या कार्यशाळेने कलाकेंद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर, ४३ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरची एका जुन्या इमारतीची भिंत निवडली. तिच्यावर आपल्या थोर माणसांची चित्रं काढायची असं ठरलं. गाणारे, वाजवणारे, नाटकवाले, खेळाडू, लेखक, पुढारी अशी पन्नासाहून जास्त माणसं. भिंतीचा आराखडा आणि रंगांची मांडणी केली सिल्व्हिया अ‍ॅबरनथी या बाईने. रंगवणाऱ्यांत बार्बरा जोन्स, मर्ना वीव्हर, कॅरोलिन लॉरेन्स अशा बायका होत्या. फोटो काढणाऱ्यांचे फोटोही भिंतीवर लावले. भिंतीचं नाव ठेवलं, ‘सन्मानाची भिंत’. ग्वेंडोलिन ब्रूक्स यांचं चित्रही त्या भिंतीवर होतं.

सगळं गोडीगुलाबीने झालं असं समजू नका. कोणाचं चित्र असावं, कोणाचं नसावं यावर वाद झाले. मार्टिन ल्यूथर किंग यांचं चित्र त्या भिंतीवर नव्हतं. पुढे तर एका चित्रकाराने काढलेला भाग पांढरा रंग मारून पुसला आणि तिथे दुसरं चित्र काढलं. त्यावरून मनं दुखावली आणि गट फुटला. एकत्र काम करणाऱ्या माणसांत हे होतं. पण त्यामुळे भिंत खोटी ठरत नाही.

आता ऑगस्ट १९६७ पाहा. १५ ऑगस्टला शहराच्या मध्यभागी पिकासो या जगप्रसिद्ध चित्रकाराने घडवलेल्या प्रचंड लोखंडी शिल्पाचं अनावरण झालं. पन्नास फूट उंच. शहराच्या महापौरांचा समारंभ. त्यात कविता वाचायला बोलावलं होतं ग्वेंडोलिन ब्रूक्स यांना. बारा दिवसांनी, २७ ऑगस्टला, वस्तीतल्या त्या भिंतीचं उद्घाटन झालं. तिथेही कविता वाचली ग्वेंडोलिन ब्रूक्स यांनीच. एका ठिकाणी मोठी माणसं आणि मोठं शिल्प. दुसऱ्या ठिकाणी रस्त्यावर उभी वस्ती, खिडक्यांतून डोकावणारी पोरं आणि आपल्याच माणसांनी रंगवलेली भिंत. पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक आलं, तेव्हा या दोन्ही कविता त्यांनी ‘दोन अर्पणं’ अशा अर्थाच्या एकाच नावाखाली एकापाठोपाठ छापल्या. जगप्रसिद्ध शिल्पाला जेवढा मान, तेवढाच गल्लीतल्या भिंतीला.

आपल्या शब्दांचं माप

लिहिणाऱ्यांची कार्यशाळा चालवायचे होइट फुलर. ते एका मासिकाचे संपादक होते. दर आठवड्याला माणसं जमायची, वाचायची आणि एकमेकांचं तपासायची. फुलर यांचं सांगणं होतं की, आपल्या कलेला तोलायचं माप आपल्या जगण्यातून निघालं पाहिजे. १९६३ सालच्या त्या परीक्षणाचा दाखलाही त्यांनी आपल्या लेखात दिला.

ते माप तयार करायला ज्यांनी हात घातला, त्यांत एक तरुण बाई होती, कॅरोलिन रॉजर्स. १९६९ साली फुलर यांच्या मासिकात तिने कृष्णवर्णीयांच्या कवितेवर लेख लिहिला. त्यात तिने कवितांचे प्रकार पाडले. पण त्या प्रकारांची नावं तिने विद्यापीठाच्या पुस्तकातून घेतली नाहीत. रस्त्यावरच्या आणि चर्चमधल्या बोलीतून घेतली. टोमणा मारणारी कविता, झाकलेलं उघडं पाडणारी कविता, शिकवण देणारी कविता, भजनात अंगात आल्यासारखी ओरडणारी कविता, असे ते प्रकार. आपण ओवी, उखाणा, भारूड, गवळण म्हणतो. ही नावं कोणी पंडिताने वरून दिली नाहीत, म्हणणाऱ्यांत आणि ऐकणाऱ्यांत ती रुळली. कॅरोलिनने लिहिताना तेच केलं.

लिहिलेलं छापणार कोण, हाही प्रश्न होता. १९६७ साली कॅरोलिन रॉजर्स, जोहारी अमिनी आणि डॉन ली, ज्यांनी पुढे हाकी मधुबुती हे नाव घेतलं, अशा तिघांनी ४०० डॉलर आणि एक सायक्लोस्टाइल यंत्र एवढ्या भांडवलावर ‘थर्ड वर्ल्ड प्रेस’ सुरू केली. जागा म्हणजे डॉन ली यांचं तळघरातलं बिऱ्हाड. ही प्रकाशन संस्था अनेक दशकं टिकली आणि ग्वेंडोलिन यांची पुस्तकंही तिने काढली.

आणि ग्वेंडोलिन स्वतः? पन्नाशीला आलेली, पुलित्झर मिळवलेली ही बाई १९६७ सालीच रस्त्यावरच्या टोळीतल्या तरुण पोरांसाठी लिहिण्याचा वर्ग घ्यायला गेली. पुढे तो वर्ग तिच्या घरच्या बैठकीच्या खोलीत भरू लागला. कॅरोलिन, जोहारी, डॉन ली तिथेही यायचे. १९७१ साली त्या वर्गातल्यांच्या लिखाणाचं पुस्तक निघालं. १९४१ साली एका वर्गाने जे दिलं, ते तीस वर्षांनी दुसऱ्या वर्गाच्या पदरात पडलं होतं.

त्याच वर्षी, १९७१ साली, ‘सन्मानाच्या भिंती’च्या इमारतीला आग लागली आणि मग ती पाडली. पिकासोचं शिल्प आजही चौकात उभं आहे. भिंत नाही. पण ती कोणी आखली, कोणी रंगवली, तिथे कोण होतं, काय वाद झाले, उद्घाटनाला काय वाचलं गेलं, हे सगळं आम्ही आज तुम्हाला सांगू शकतो. कारण त्या माणसांनी त्याच वेळी फोटो काढले, लिहून ठेवलं आणि छापलं. भिंत पाहून इतर शहरांतल्या कितीतरी वस्त्यांनी आपल्या भिंती रंगवल्या. त्यांनाही ती बहुतेक करून फोटोंतून आणि लिखाणातूनच कळली.

आपल्याकडे याचा काय उपयोग?

अमेरिकेतल्या या घडामोडींचे पडसाद आपल्याकडेही उमटले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर ही संघटना निघाली. तिचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतलेलं आहे, आणि ती काढण्यात कवी आणि लेखक पुढे होते. आपल्या वस्तीचं आपल्या बोलीत लिहायचं, ही हिंमत दोन्हीकडे होती.

आता आपल्या गटांचं पाहू. आम्ही समन्वयिका म्हणून गावोगाव बैठकांना जातो. इतिवृत्ताची वही नेहमी एकाच दोघींच्या हातात असते, ज्यांना लिहिता येतं त्यांच्या. त्यात कर्ज, हप्ता, व्याज आणि ठराव असतात. तेही लागतंच. पण गटातल्या कोणाच्या हाताला काय येतं, ते त्या वहीत नसतं. प्रदर्शनाला माल जातो, तेव्हा त्यावरची चिठ्ठी आपल्याला न विचारता लिहिलेली असते. ‘ग्रामीण महिलांनी बनवलेलं’ एवढंच. त्यात एकीचंही नाव नसतं. गोधडीचा टाका, जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, भिंतीवरची आणि दारापुढची चित्रं, हे सगळं करणारी पिढी आता सत्तरीच्या पुढे गेली आहे. त्यांच्यानंतर आपण विचारणार कोणाला?

शिकागोच्या इतिहासातून आम्ही चार गोष्टी घेतल्या आहेत. पहिली, बसायची जागा आपली असावी आणि ती लहान वर्गणीतूनही होते. दुसरी, वार आणि वेळ ठरलेली असावी, कारण एकदा भरून संपलेल्या शिबिरातून लिहिणं येत नाही. तिसरी, एकमेकींचं ऐकून खरं बोलायचं, आणि खरं ऐकल्यावर रुसून बैठक सोडायची नाही. चौथी, शब्द आपले वापरायचे. टाक्याला तुमच्या गावात जे नाव आहे, तेच लिहायचं. वरच्या माणसाला ते नाव कळलं नाही, तर तो विचारील.

आमच्या भागातल्या गटांनी ठरवलं आहे की महिन्याच्या बैठकीत हिशोब संपल्यावर अर्धा तास यासाठी ठेवायचा. दर वेळी गटातल्या एका बाईच्या हातच्या कामाविषयी बोलायचं. तिने सांगायचं आणि जिला लिहिता येतं तिने जसंच्या तसं उतरवायचं. तिचं पूर्ण नाव, माहेरचं गाव, कोणाकडून शिकली, कशापासून केलं, किती दिवस लागले, कुठे चुकतं आणि ते कसं सावरायचं. लिहून झालं की तिलाच मोठ्याने वाचून दाखवायचं. तिने “असं नाही म्हटलं मी” असं म्हटलं, तर खोडून परत लिहायचं. वाचता न येणाऱ्या बाईचा आपल्याविषयीच्या शब्दांवरचा हक्क तिथूनच सुरू होतो.

तुमच्या गटाने असं काही लिहिलं तर ते आपल्या रेडिओ केंद्रावर घेऊन या. जिच्याविषयी लिहिलं आहे तिलाही बरोबर आणा. तिचं नाव तिच्याच तोंडून ऐकू.